बीट अंमलदार (आपल्या भागाचा ठरलेला पोलिस) फक्त बंदोबस्तालाच दिसतो, गल्लीशी ओळख कशी व्हायची?

पूर्वभागकर: आमची गल्ली सोलापुरात अशोक चौकाजवळ, निम्मी माणसं यंत्रमागावर आणि घरोघरी बायका विडी वळतात. दोन मोटरसायकली चोरीला गेल्या, समोरच्या दुकानाच्या सीसीटीव्हीत पोरं दिसतायत पण दुकानदार फुटेज द्यायला तयार नाही, म्हणतो कोर्टाच्या चकरा कोण मारणार. पोलिस म्हणतात लोक साथ देत नाहीत, लोक म्हणतात पोलिस मिरवणुकीलाच दिसतात, आणि दोघांचंही खरंय. सुरुवात कुठून करावी?

मागवाला: भिवंडीचं बघा की. आपल्यासारखंच मागाचं गाव, 1984 ला मोठी दंगल झालेली. नंतर 1988 च्या सुमारास सुरेश खोपडे तिथं डीसीपी (पोलिस उपायुक्त) असताना मोहल्ला कमिट्या केल्या, त्यात पुढाऱ्यांपेक्षा गल्लीतली साधी माणसं घेतली. पुढं 1992-93 च्या दंगलीत मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. आपल्याकडं शांतता समितीची मीटिंग सण तोंडावर आला की लागते, पुढच्या रांगेत तेच ते चेहरे, सत्कार झाला फोटो झाला संपलं. भांडण नसताना बसलं पाहिजे हो, बाराही महिने.

विडीघरची सून: आमच्या सासूबाईंची पर्स बसमध्ये मारली तेव्हा ठाण्यात गेलो, त्या पदराचं टोक पिळत नुसत्या बसलेल्या, घरी सगळं तेलुगू, मराठीत धड सांगता येईना आणि समोरचे म्हणतायत लवकर बोला. मग एक लेडी कॉन्स्टेबल आल्या, तेलुगूत विचारलं, बाईंनी बसचा नंबरसुद्धा सांगितला! पूर्व भागात अशी एक तरी माणूस ड्युटीवर पाहिजेच.

जुना सोलापूरकर: दुकानदाराचं वय साठच्या वर असेल तर जबाबासाठी त्याला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं, बायकांनाही तेच. नव्या बीएनएसएसच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम 179 मध्ये आहे, 1 जुलै 2024 पासून लागू. आणि एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, मागून घ्या. अजून एक, 2021 मध्ये सोलापूर ग्रामीणला तेजस्वी सातपुते एसपी असताना ऑपरेशन परिवर्तन झालं, हातभट्टीच्या गावांत एकेक अधिकाऱ्यानं गाव दत्तक घेतलं, मुळेगाव तांड्यावर नुसत्या धाडी न घालता दुसरा धंदा उभा करायला मदत केली. गल्लीसाठी पण असाच एक ठरलेला माणूस मागा, आणि त्याची बदली झाली तर नव्याशी जुन्यानंच ओळख करून द्यावी असंही मागा.

पूर्वभागकर: दुकानदार बासष्टचे आहेत! कलमाचं सांगितलं, जरा नरमले. रविवारी समाजमंदिरात बीट अंमलदारांना बोलावतोय, बायकांची वेळ विडी देऊन आल्यावरची ठेवली. फुटेज देईन म्हणालेत, पण आधी बीट अंमलदारांना भेटून बघतो म्हणे.