५०० एकरांची शेती, पण पाणी किती एकरांचं?

बालाघाटकर:
बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं आमचं गाव. एक कंपनी ५०० एकर सलग भाडेपट्ट्यानं घेणार, निम्मा ऊस, निम्मा भाजीपाला. पारावर रोज खल चाललाय तो एकरी भाड्याचा. जमिनीला हे झेपेल का, हे कुणी विचारीना.
म्हणून मीच हिशोब मांडला. एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण ४ हजार लिटर. आपला पाऊस ७०० धरा, झाले २८ लाख लिटर. पाट-पाण्यावरच्या उसाला वर्षात २,००० मिलिमीटर, म्हणजे ८० लाख. उरलेले ५२ लाख कुठून? आपल्या बेसाल्टात, म्हणजे काळ्या पाषाणात, पावसाचं दहा टक्के मुरलं तरी खूप, म्हणजे एकरी पावणेतीन लाख. एका एकर उसामागं १८-१९ एकरांचं मुरलेलं पाणी! गावात उरलेली रानं काय पिणार?

ऊसवाला_परळी:
दादा, गणित झकास आहे, पण ते कंपनीला ऐकवा, आम्हाला नको. २०२४-२५ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता, मोंढ्यात चार-सव्वाचार हजारांनी घातलं. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, तरी आहे. २०१४च्या गारपिटीत सगळं झोपलं, ऊस तेवढा उभा राहिला. आणि ठिबक केलं की तुमचे ८० लाख सरळ ५०वर येतात.

बालाघाटकर:
येतात, मान्य. मग १८ एकरांच्या जागी ८ एकर. पण ठिबक बसवल्यावर मोटार कुणी बंद ठेवली का? वाचलेल्या पाण्यावर शेजारचा दुसरा एकर उभा राहतो. आमच्याकडं तेच झालं, बोअर ७०० फुटांवर गेलं आणि नुसता फुफाटा आला.

गोदाकाठचा:
तुम्ही दोघं पाण्यातच अडकलात. आमच्याकडं जायकवाडीचा कालवा आहे, भारी काळी माती चार-चार फूट. तिथं उलटं दुखणं आहे: निचरा नाही, वर्षानुवर्षं पाट सोडून खालची रानं चिबड (पाणथळ) झाली, काही चोपण (खारवट, घट्ट). पाणी असूनही जमिनीची धारणक्षमता, म्हणजे पीक पेलायची ताकद, संपते. केजच्या त्या ५०० एकरांत माती किती खोल आहे ते बघायला खड्डे घेतले का कुणी?

बालाघाटकर:
माझ्याच बांधावर घेतला. हातभर काळी, खाली मुरूम, त्याच्याखाली पाषाण. अशा उथळ रानात ज्वारी, तूर, करडई चालते. कंपनीचा माणूस मात्र गाडीतून उतरलाच नाही.

ऊसवाला_परळी:
म्हणजे परत ज्वारीच पेरा. पुण्या-मुंबईतल्यांनी म्हणावं तसं बोलताय. भाडं मिळालं तर पोराची फी भरता येते, हे गणितात कुठं बसतं?

लातूरकर_ताई:
बसतं की. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं आम्हाला पाणी आलं. मांजरा धरण तुमच्याच केज तालुक्यात, धनेगावला, आणि ते कोरडं पडलं होतं. वरच्या रानात उपसा किती चालायचा, त्याचा हिशोब त्या वर्षी आम्ही घागरीनं केला.

ऊसवाला_परळी:
ताई, रेल्वे आम्ही विसरलो नाही. पण धरणाचं खापर एकट्या उसावर फोडू नका, दोन वर्षं पाऊसच पडला नव्हता.

बालाघाटकर:
तेच म्हणतोय, भाऊ. हिशोब चांगल्या सालाचा नको, २०१५चा पाऊस धरून मांडा. तसा करार कंपनी करणार असेल तर भाडं मीही घेतो. ग्रामसभा येत्या मंगळवारी आहे, खड्ड्याचे फोटो घेऊन जातोय. आणखी कुणाच्या रानात मुरूम किती खाली लागला, हातानं मोजून सांगा.