१९ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्याने गोवा घेतला: हक्क मिळाले, की नुसता मालक बदलला?

डिचोलीकर:
चवथीला आत्येभाव इंग्लंडातल्या स्विंडनहून आला होता. पोर्तुगीज पासपोर्ट झालाय, त्यामुळे मतदार यादीतून नाव गेलं. गणपतीपुढे टांगलेल्या फळांच्या माटोळीखाली बसून नेवऱ्या खाता खाता म्हणाला, "घर माझं, देव माझा, मत तेवढं परक्याचं." सगळे हसले. मला रात्रभर झोप नाही.

त्याचा पासपोर्ट आजोबांच्या जन्मावर झाला. आजोबांचा जन्म १९६१ पूर्वीचा, गोवा पोर्तुगिजांकडे असतानाचा, म्हणजे पोर्तुगालच्या लेखी त्यांचेच, आणि नातवापर्यंत तो हक्क पोचतो. आपल्या सरकारने २८ मार्च १९६२ ला आदेश काढला. ज्यांचा स्वतःचा, आईबापांचा किंवा आजाआजीचा जन्म इथला, ते सगळे २० डिसेंबर १९६१ पासून भारतीय. नको असेल त्याने महिन्याभरात लिहून द्यावं. आजोबांना हे कुणी सांगितलंही नव्हतं. जो बोलला नाही तो भारतीय झाला.

फादर मोंतेरोंनी लिहून दिलं, पोर्तुगीज राहिले, पण गोवा सोडला नाही. राहण्याच्या परवान्याची मुदत संपली, ती त्यांनी वाढवून घेतली नाही, खटला झाला. ते म्हणाले, हा लष्करी ताबा आहे, युद्धातल्या नागरिकांसाठीच्या जिनिव्हा करारानुसार मला संरक्षण द्या. १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रदेश सामील करून घेतला तेव्हाच ताबा संपला. जन्मगावातच माणूस परदेशी.

माझं म्हणणं एवढंच, की हक्क रणगाड्यामागून येतात. जिंकणारा यादी करतो, आपण त्या यादीत असतो किंवा नसतो.

पेडण्याचा म्हातारा:
बाबा, तुला झोप आली नाही कारण तुझं पोट भरलेलं होतं. फिरंग्याच्या राज्यात लग्नपत्रिका छापायची तरी आधी सेन्सॉरला दाखवावी लागे. मुहूर्त आणि वधूवरांची नावं, त्यात राजद्रोह कसला शोधायचे कोण जाणे! १८ जून १९४६ ला लोहियांनी मडगावात सभा घेतली ती याचसाठी. स्वातंत्र्य पुढची गोष्ट, आधी तोंड उघडू द्या.

सीमेवरचं पत्रादेवी आमच्याच तालुक्यात. १५ ऑगस्ट १९५५ ला मी नऊ वर्षांचा. नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, कर्नैलसिंग बेनिपाल हा पंजाबातला तरुण तिथेच पडला. त्याच्या आजोबांचा जन्म पेडण्यातला नव्हता हो! १९६१ ला शरण आला म्हणून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने आपल्या गव्हर्नरलाच सैन्यातून काढलं. तिथे आमच्या हक्कांचा हिशेब कोण ठेवणार होता?

मुंडकाराची नात:
तुम्ही दोघेही भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, बाजूचे वाटता, राग मानू नका. आम्ही मुंडकार, म्हणजे आमचं घर भाटकाराच्या भाटात, त्याच्या माडांच्या बागेत. आजी सांगायची, पावसात भिंत पडली तर मातीचा गिलावा करायलाही विचारायला जायचं. अंगणात नारळ पडला तर उचलून त्यांच्या पडवीत नेऊन ठेवायचा. १९ डिसेंबर उजाडला, झेंडा बदलला, २० तारखेला नारळ तिथेच नेऊन ठेवला.

फरक पडला तो मुंडकार कायद्याने, १९७५ साली. विधानसभेने केला, कुठल्या सैन्याने नाही. घरातून हुसकावता येत नाही आणि घराखालची जमीन विकत घेता येते. म्हणजे कायद्यात येते. आमच्या बाबांनी अर्ज केला, बाबा गेले, अर्ज अजून आहे.

काळा कोट:
डिचोलीकर, मोंतेरो प्रकरण तुम्ही अर्धंच सांगितलंत. आदेशाने त्यांना निवड दिली होती आणि त्यांनी ती केली. कोर्टाचं म्हणणं असं, की जिनिव्हाचं संरक्षण ताबा असेतोवर, कायमचं नाही. शिवाय आत्येभावाचं नाव रणगाड्याने काढलेलं नाही. स्वेच्छेने दुसरं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं, हा १९५५ चा कायदा अख्ख्या देशाला आहे.

आणि राज्यकर्ता गेला म्हणून कायदा जातो असं थोडंच आहे? १९६२ च्या प्रशासन कायद्याने जुने कायदे चालू ठेवले. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे १८७० पासून लागू आहे, सालाझार गेला, ती राहिली. पणजीत सिव्हिल रजिस्ट्रारकडे आजही जोडपी आधी सह्यांना जातात, भटजी नंतर. वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता निम्मी निम्मी. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तर गोंयकाराच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेच्या वारशालाही हीच संहिता लागू केली.

फोंड्याची सून:
वकीलसाहेब, निम्मी निम्मी म्हणता ते खरं. सासऱ्यांनी कुळागराचा, सुपारीच्या बागेचा, तुकडा विकला तेव्हा सासूबाईंची सही लागलीच. मी शेजारी उभी होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "खंय करूं?" कुठे सही करायची, एवढंच. किती पैसे, कुणाला, का, काही नाही.

आणि सगळ्या धर्मांना ‘समान’ म्हणवणाऱ्या या संहितेचं कौतुक करताना १८८० चा हिंदूंच्या रूढींचा फर्मान का विसरता? बायकोला पंचविशीपर्यंत मूल नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा नाही, तर नवऱ्याला दुसरं लग्न करता येईल अशी तरतूद आहे त्यात. कुणी वापरत नाही, मान्य. मग पुसून का टाकत नाही?

काळा कोट:
ते पुसायला हवं, यात वाद नाही.

डिचोलीकर:
नातबाय, नारळाचं वाचून गप्पच झालो. तरी मूळ प्रश्न उरतो. १९६१ ला आम्हाला विचारलं कुणी?

पेडण्याचा म्हातारा:
१९६१ ला नाही विचारलं. सहा वर्षांत विचारलं. १६ जानेवारी १९६७, ओपिनियन पोल. मला नुकतंच एकविसावं पूर्ण झालेलं, तेव्हा मताला एकवीस लागत. आम्ही मराठीवाले, महाराष्ट्रात विलीन व्हायचं म्हणून फुलावर शिक्का मारला. दोन पानं, म्हणजे वेगळं राहायचं म्हणणारे, जिंकली, ३४,०२१ मतांनी. बापाने दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी भाटात पाणी शिंपायला गेला. मुंबईतल्या गोंयकारांना मात्र तेव्हा मत देऊ दिलं नाही, तुझ्या आत्येभावाला हेही सांग. गावाबाहेर गेलेल्याचं मत कुठे धरायचं, हे भांडण तेव्हापासूनचं.

डिचोलीकर:
सांगितलं. तो म्हणतो, मुंबईवाल्यांकडे निदान इथलाच पासपोर्ट होता. परत जायचं म्हटलं तर तो आता तिकिटाचे पैसे मोजतो, व्होट मोजत नाही.

मुंडकाराची नात:
तुमचं चालू द्या. पुढच्या मंगळवारी आमची तारीख आहे. काळा कोट, आजीच्या नावची जुनी लाइटबिलं सापडलीत, पण अक्षरं उडालीत. चालतील का?

काळा कोट:
जोडा, सोबत पंचायतीच्या घरपट्टीच्या पावत्या, जितक्या जुन्या तितक्या बऱ्या. मूळ प्रती देऊ नका, फक्त दाखवा. आणि शेजारचं कुणीतरी वयस्क माणूस साक्षीला न्या, ज्याने तो नारळ नेताना पाहिलाय.