मदत हवी आहे: डायव्ह कंप्युटर घ्यावा की टेबलवर भागेल?

मंडळी, जानेवारीत अंदमानात हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) डायव्हिंगला चाललोय. सोबत भावोजी. त्यांचा कोर्स झाला तेव्हा कंप्युटर (पाण्याखाली अजून किती वेळ राहता येईल हे दाखवणारं मनगटावरचं यंत्र) ही चैन होती, सगळं शिक्षण टेबलवर, म्हणजे खोलीप्रमाणे वेळेची मर्यादा देणाऱ्या छापील तक्त्यावर. पाडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचं ते प्लास्टिकचं कार्ड त्यांनी अजून जपलंय आणि आकडे तोंडपाठ आहेत: 18 मीटरला 56 मिनिटं, 25 ला 29, 30 ला 20. माझ्या कोर्सात टेबलचं नुसतं दर्शन झालं.

घोळ असा की मागच्या ट्रिपमधली एक डायव्ह मी त्यांना लॉगबुकात दाखवली. सर्वात खोल 24 मीटर, तेही सहा-सात मिनिटंच. मग खडकाच्या कडेकडेने वर, 16, 12, आणि शेवटी बराच वेळ 8-9 मीटरवर. एकूण 48 मिनिटं. कंप्युटरने डेकोचं, म्हणजे वर येताना सक्तीने थांबण्याचं, नावही काढलं नाही. भावोजींनी 25 च्या, म्हणजे 24 च्या पुढच्या, रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "मर्यादेच्या पाच मिनिटांहून जास्त पुढे गेलास. 5 मीटरला किमान 15 मिनिटं थांबायला हवं होतं, आणि पुढचे 24 तास पाण्यात पाय नाही!"

टेबल अख्खी डायव्ह सर्वात खोल जागीच काढली असं धरतं, एवढं मला कळतं. पण मग कंप्युटर मध्येच बंद पडला तर दुसऱ्या डायव्हला टेबल वापरता येतं का? शिवाय भावोजींचा प्रस्ताव आहे की कंप्युटर माझ्या हातात, ते शेजारीच पोहतील, दोघांचं भागेल. विकतच्या किमती बघून डोळे पांढरे झालेत, म्हणून मोह होतोय. जाणकारांनी सांगावं.

खाडीकाठ: दोन्ही प्रश्नांचं उत्तर "नाही".

तुमची ती डायव्ह टेबलच्या मर्यादेबाहेर, म्हणून तिला प्रेशर ग्रुपच (शरीरात उरलेला नायट्रोजन दाखवणारं अक्षर) मिळत नाही, आणि ग्रुप नाही तर पुढचा हिशोब कुठून सुरू करणार? कंप्युटर दर काही सेकंदांनी खोली मोजून शरीरात मुरलेल्या नायट्रोजनचा हिशोब नव्याने मांडतो. ब्यूलमान या शास्त्रज्ञाचं गणित असेल तर शरीराचे 16 कप्पे (नायट्रोजन वेगवेगळ्या वेगाने घेणारे काल्पनिक भाग) धरून. काही मिनिटांत अर्धे भरणारे, काहींना दहा तासांहून जास्त लागणारे. तुम्ही उथळ पाण्यात आलात की वेगाने भरलेले कप्पे रिकामे होऊ लागतात, म्हणून तुम्हाला वेळ वाढवून मिळाला. टेबलला हे दिसतच नाही. बरं, टेबलं तरी एकसारखी कुठे आहेत? 1988 चं पाडीचं टेबल दोन डायव्हमधल्या विश्रांतीचा हिशोब 60 मिनिटांत अर्धा रिकामा होणाऱ्या कप्प्यावर करतं, सहा तासांत पाटी कोरी. अमेरिकन नेव्हीचं जुनं टेबल 120 च्या कप्प्यावर, तिथे बारा तास.

कंप्युटर गेला तर सावकाश वर, 5 मीटरला सेफ्टी स्टॉप (खबरदारी म्हणून थोडं थांबणं), आणि 24 तास सुट्टी.

भावोजी कितीही शेजारी असले तरी मीटरभर खाली जाणारच. आणि त्यांनी सकाळची डायव्ह केली, तुम्ही नाही, तर तुमच्या मनगटाला त्यांच्या नायट्रोजनचा पत्ता कसा लागणार?

माडबन: भावोजींची बाजू थोडी घेतो. तारकर्लीच्या 8-10 मीटरात दोन्ही सारखेच. 10 मीटरला टेबल 219 मिनिटं देतं, टाकीतली हवा त्याच्या कितीतरी आधी संपते. हॅवलॉकला मात्र खोल साइट्स आहेत, दिवसाला दोन-तीन डायव्ह होतात. तिथे दोघांना दोन कंप्युटर हवेत. विकत कशाला, सेंटरवर भाड्याने मिळतात. फक्त पूर्ण ट्रिप तोच कंप्युटर तुमच्याकडे राहील हे आधी बोलून घ्या. आधीच्या माणसाने तो नायट्रॉक्स 32 वर (32 टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणावर) ठेवलेला असला आणि तुम्ही साधी हवा घेऊन उतरलात, तर तो तुम्हाला नको तेवढा वेळ दाखवेल. बोटीवर चढण्याआधी हे बघाच. बॅटरीचं चिन्हही.

आणि अनेक दिवसांच्या डायव्हिंगनंतर विमानाआधी किमान 18 तास सोडा. पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) परतीचं तिकीट त्या हिशोबानेच काढा.

धागाकर्ता: धन्यवाद दोघांना. भावोजींनी धागा वाचला, "बघू" म्हणाले, म्हणजे पटलंय. दोन कंप्युटर सांगून ठेवतो. पण मॉडेल वेगळी निघाली आणि वेळ वेगवेगळा दाखवला तर कुणाचं ऐकायचं?

खाडीकाठ: जो कमी वेळ दाखवेल त्याचं. आणि वर दोघांनी एकत्रच यायचं.