प्रतिसाद: शेतातलं बंद हेलिपॅड

मूळ प्रश्न असा, की अमेरिकेतल्या चालू शेतावरचं खाजगी हेलिपोर्ट बंद झालं तर त्या काँक्रीटच्या चौथऱ्याचं पुढे काय होतं? वर एकांनी 'फोडून टाकतात' असं ठोकून दिलंय. तसं सहसा नसतं. तिथल्या नियमांप्रमाणे बंद केल्याची सूचना एफएएला (तिथलं विमान वाहतुकीचं सरकारी खातं) फॉर्म ७४८०-१ वर द्यावी लागते. कायमचं बंद असेल तर खुणा खरवडून काढायच्या, आणि ते जमण्यासारखं नसेल तर मोठी पिवळी फुली मारायची. उगाच कोणी वैमानिक हेलिपॅडचा 'एच' बघून खाली यायला नको!

आता असाच चौथरा आपल्या सोलापूरच्या शेतात असेल तर काय, त्याचा हिशोब लावू. आर-४४ हे चार आसनी हेलिकॉप्टर इंधन आणि माणसं धरून जास्तीत जास्त १,१३४ किलोचं. म्हणजे आपला साधा ट्रॅक्टरसुद्धा त्याहून जड भरतो. त्यामुळे वजनाची चिंता नाही, चिंता काळ्या मातीची. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. खाली मुरूम नीट दाबला नसेल तर वरचं काँक्रीट कडेकडेनं उचललं जातंच.

पण टिकलं तर खळ्याला याहून चांगली जागा नाही. तूर बडवा, मालदांडी ज्वारीची कणसं वाळत घाला, खडा लागणार नाही. एक मात्र करा, जुन्या रंगाचे पोपडे आधी तारेच्या ब्रशनं घासून काढा, नाहीतर धान्यात येतील. आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी ती कापडी नळी तशीच राहू द्या, उफणायला कामाला येते.