फारसे कोणाला ठाऊक नसलेले, तरीही काहींनी न सोडलेले व्हिडिओ गेम

खसताटी
नमस्कार. मे महिन्यात नागपुरात दुपारी घराबाहेर पडण्याची सोय नसते, म्हणून कूलरसमोर बसून जुना संगणक पुन्हा सुरू केला आहे. त्यात वेगळे ग्राफिक कार्ड नाही आणि मेमरी ४ जीबीच आहे. नवे, गाजलेले खेळ त्यावर चालणार नाहीत, आणि खरे सांगायचे तर मला ते नकोच आहेत. बाजाराने केव्हाच विसरलेले, पण मोजक्या खेळाडूंनी आजही धरून ठेवलेले खेळ कोणते, हे मला जाणून घ्यायचे आहे. नुसती नावे नकोत. त्या मोजक्यांना तो खेळ सोडवत का नाही, तेही कृपया लिहावे. ‘प्रोजेक्ट आयजीआय’ हा शत्रूच्या तळात शिरून गोळीबार करण्याचा खेळ मात्र वगळावा, कारण आमच्या पिढीत तो न खेळलेला माणूस शोधावा लागेल.

बर्डीवाला
माझे मत ‘क्लॉ’ला. मोनोलिथ प्रॉडक्शन्स या अमेरिकन कंपनीने तो १९९७ साली काढला. कॅप्टन नॅथॅनियल जोसेफ क्लॉ हा समुद्री चाचा म्हणजे एक बोका. तो स्पॅनिश कुत्र्यांच्या तुरुंगातून निसटतो आणि नऊ रत्नांचा ताईत पुरा करण्यासाठी १४ लेव्हल पार करतो. दिसायला लहान मुलांचा खेळ, पण उडी बोटभर चुकली तरी बोका मेलाच. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून आम्ही तिघे मित्र आळीपाळीने खेळत असू, आणि तिघांपैकी एकानेही तो शेवटपर्यंत नेला नाही.
पुढे लेव्हल बनवण्याचे साधन खेळाडूंच्या हाती आले आणि त्यांनी स्वतःच्या लेव्हलींचा ढीग रचला. काहींनी तर त्याचे इंजिन, म्हणजे खेळ चालवणारा मूळ प्रोग्रॅम, नव्याने लिहून काढले. मूळ १४ लेव्हल संपल्यावरही हा खेळ संपत नाही, तो त्यामुळेच.

लाइनगेली
‘आयजीआय’ वगळण्याला माझा आक्षेप आहे. इनरलूप या नॉर्वेच्या कंपनीचा हा खेळ २००० साली आला, आणि मिशन सुरू असताना तो सेव्ह करता येत नाही, या उणिवेवर परदेशी समीक्षकांनी तेव्हाच बोट ठेवले होते. आपल्याकडे त्या उणिवेत भारनियमनाची भर पडली. टेहळणी बुरुज ओलांडून, तारेचे कुंपण पार करून शेवटच्या इमारतीपाशी पोहोचावे आणि नेमकी लाइन जावी, हे मी एका उन्हाळ्यात इतक्या वेळा सोसले आहे की पहिल्या मिशनमधील प्रत्येक पहारेकऱ्याची फेरी मला आजही पाठ आहे. बाकी जगाने विसरलेला खेळ आपण धरून ठेवला असेल, तर तो तुमच्या व्याख्येत का बसू नये?

खसताटी
आक्षेप मान्य. (यूपीएस का घेतला नाही, हे विचारणार होतो, पण आमच्याकडेही नव्हता.)

रामटेककर
खसताटीजी, आपल्या संगणकाला झेपेल असा एक खेळ मी सुचवते: ए शार्प या लहानशा कंपनीने १९९९ साली काढलेला ‘किंग ऑफ ड्रॅगन पास’. यात पळणे, उड्या मारणे, नेम धरणे असे काहीच नाही. हाताने रंगवलेले चित्र, त्याखाली मजकूर आणि निर्णयाचे काही पर्याय, एवढाच त्याचा थाट. आपण एका कुळाचा कारभार पाहतो, सात जणांचे मंडळ सल्ला देते, आणि प्रत्येकाचा सल्ला त्याच्या स्वभावाप्रमाणे व त्याच्या दैवताप्रमाणे निराळा असतो. श्रीमंती गाईंवर मोजतात. शेजारचे कूळ आपल्या गाई पळवते, आपण त्यांच्या पळवतो, आणि पाच ऋतूंचे एकेक वर्ष सरत जाते तसे ते वैर मुरत जाते. आज केलेल्या अपमानाची परतफेड कित्येक वर्षांनी होते, आणि तोवर आपण तो विसरलेलो असतो.

मला हा खेळ सोडवत नाही याचे कारण मात्र वेगळे आहे. ग्रेग स्टॅफर्ड यांनी उभ्या केलेल्या ग्लोरांथा या काल्पनिक जगात तो घडतो, आणि तेथील माणसे संकटसमयी देवांच्या कथेत स्वतः शिरतात. देवाने त्या कथेत जे केले, तेच त्याच क्रमाने करावे लागते. कथा अर्धवट आठवत असेल तर गेलेला माणूस जखमी होऊन परततो किंवा परततच नाही. माझी आजी श्रावणात कहाणी वाचताना मध्येच कोणी उठले, तर पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करी. तिच्या त्या हट्टाचा अर्थ मला या खेळात गवसला. कथा मी वहीत उतरवून घेतल्या आहेत, आणि दोनदा त्या वहीनेच माझे कूळ वाचवले आहे.

२०११ साली तो आयफोनवर आला, तेव्हा त्याला नवे खेळाडू मिळाले, आणि २०१८ साली त्याच जगात घडणारा ‘सिक्स एजेस’ निघाला. तरी आरंभ जुन्यापासूनच करावा.

कळमनाकर
नेटहॅक. भुयारात एकेक मजला खाली उतरत जाण्याचा खेळ; १९८७ पासूनचा, फुकट आणि चित्रांशिवायही चालणारा. कॉकाट्रिस या प्राण्याला नुसता स्पर्श झाला तरी माणूस दगड होतो. हातमोजे घालून त्याचेच मृत शरीर शस्त्र म्हणून वापरता येते, मात्र ते हातात असताना आपण खड्ड्यात पडलो, तर आपणच दगड होतो. अहल्येला राम तरी भेटला. येथे पुन्हा पहिल्या मजल्यापासून सुरुवात.

खसताटी
सर्वांचे आभार. काल दुपारी कूळ स्थापन केले आणि पहिल्याच वर्षी शेजाऱ्यांनी बारा गाई नेल्या. रामटेककर ताई, मंडळातील चौघे म्हणतात लगेच हल्ला करा आणि एकच म्हातारी म्हणते भेटवस्तू पाठवा. आपण काय केले असते?

रामटेककर
म्हातारीचे दैवत कोणते, ते आधी पाहा.