विंडोज १० वरून लिनक्स मिंटवर आले आहे, रोजची कामं अडताहेत. सल्ला हवा

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी. माझा लॅपटॉप जुना आहे, पण अजून ठणठणीत चालतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झाले. विंडोज ११ माझ्या लॅपटॉपवर बसत नाही, कारण प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीचा आहे आणि तिथे साधारण आठव्या पिढीपासून पुढचे लागतात. चालतं यंत्र केवळ तेवढ्यासाठी बाजूला काढायला मन धजेना, म्हणून लिनक्स मिंट ही मुक्त संगणकप्रणाली घातली. विंडोज काढलेलं नाही, दोन्ही शेजारी शेजारी आहेत.

मिंट आवडलंय. लॅपटॉप हलका झाल्यासारखा चालतो, पंख्याचा आवाजही कमी झालाय. पण मी भाषांतराचं काम करते, आणि दिवसभर त्यातच असल्यामुळे अडचणी एकामागून एक अंगावर येतात. विंडोजवर मी रोमन अक्षरांत टाइप केलं की मराठी उमटायचं, इथे फक्त इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची प्रमाण कळफलक-मांडणी) मिळालं. वर्डच्या फाइली लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-प्रोग्रॅममध्ये उघडल्या की पानं सरकतात. एका पानावर नीट बसलेल्या तक्त्याच्या शेवटच्या दोन ओळी पुढच्या पानावर जाऊन पडतात. कामाच्या फाइली ज्या डी ड्राइव्हवर आहेत तो उघडतो, पण सेव्ह करायला गेलं की ‘फक्त वाचता येईल’ असा संदेश येतो. आणि तोही कधी येतो, कधी येत नाही. हे ‘कधी कधी’ सगळ्यात जास्त छळतं, कारण नेमकं काय बिघडलंय तेच धरता येत नाही. भरीस भर म्हणजे विंडोजमध्ये परत गेलं की घड्याळ चुकलेलं असतं.

कुणी म्हणतं उबंटू घे, कुणी म्हणतं फेडोरा, कुणी झोरिन. मी निवडलेली लिनक्सची आवृत्तीच चुकीची आहे का? बदलू का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

दवबिंदू:
पाऊलवाट, आवृत्ती अजिबात बदलू नका. तुम्ही लिहिलेल्या चारही अडचणी उबंटूवर गेलात तरी जशाच्या तशा सोबत येतील. मिंट मुळात उबंटूवरच बेतलेलं आहे, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. नवी माणसं पहिल्या महिन्यातच आवृत्त्या बदलत बसतात आणि थकून सोडून देतात, हे मी फार वेळा पाहिलंय आणि दर वेळी वाईट वाटतं.

आता डी ड्राइव्हचं. ‘कधी कधी’ होतं त्याला पक्कं कारण आहे. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय सहसा आधीपासून चालू असते. तुम्ही शट डाउन म्हणता, पण विंडोज पूर्ण बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून आपली निम्मी अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं. पुस्तकात बोट घालून पुस्तक मिटावं, तसं. लिनक्सला दिसतं की ड्राइव्ह अजून कुणाच्या तरी हातात आहे, म्हणून ते फक्त वाचायला देतं. ते तुमच्या फाइली वाचवतंय, तेव्हा जबरदस्तीने लिहायला लावणारे उपाय कुणी सुचवले तर करू नका. विंडोजमधून रीस्टार्ट करून मिंटमध्ये आलात तर मात्र अडचण येत नाही, कारण रीस्टार्टमध्ये विंडोज खरोखर पूर्ण बंद होतं. तुमचं ‘कधी येतं, कधी नाही’ बहुधा इथूनच आलंय.

उपाय: विंडोजमध्ये कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटण काय करतं ते ठरवायचं पान, आणि त्यात फास्ट स्टार्टअपची खूण काढा. मग एकदा नीट शट डाउन करा. विंडोज हायबरनेटवर (चालू अवस्था डिस्कवर साठवून) ठेवून मिंटमध्ये कधीच येऊ नका, त्यातही हेच होतं.

सायंतारा:
टायपिंगचं मी सांगते, मीही दिवसभर मराठीतच लिहिते. तुम्हाला हवं ते आयबस आणि एम१७एन या टायपिंगच्या साधनांच्या जोडीत आहे. सिस्टिम सेटिंग्जमध्ये इनपुट मेथड उघडा, आयबस बसवा, सोबत सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस-एम१७एन. मग लॉग आउट करून परत या. हे विसरलं की काहीच दिसत नाही आणि वाटतं बसलंच नाही. आयबसच्या पसंतीत मराठी शोधलंत की इनस्क्रिप्टबरोबर आयट्रान्स, फोनेटिक आणि चक्क गमभन या रोमन अक्षरांतून मराठी लिहायच्या पद्धतीसुद्धा मिळतील. मराठी संकेतस्थळांवर गमभनमध्ये लिहून बोटं तयार झाली असतील तर तेच घ्या.

एक फरक मात्र राहील. शब्द लिहिताना खाली पर्यायांची यादी येते आणि आपण निवडतो, ती सवय इथे मोडावी लागेल. इथे ठरलेल्या कळांना ठरलेलं अक्षर येतं. सुरुवातीला चिडचिड होते, पण नंतर यादीकडे बघावंच लागत नाही, नजर मजकुरावर राहते. भाषांतराच्या कामाला मला हे जास्त मानवलंय.

गवाक्ष:
थोडं वेगळं मत मांडतो. पोटापाण्याचं काम मुदतीवर असेल तर आत्ता हा घोळ कशाला? विंडोज १० ला घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची वाढीव सोय आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. तेवढी घ्या, काम विंडोजवरच करा आणि लिनक्स सुट्टीच्या दिवशी शिका. गिऱ्हाईक वर्डची फाइल मागतं, त्याला लिब्रेऑफिसशी देणंघेणं नसतं.

दवबिंदू:
गवाक्ष, वाढीव सोय घ्यावी याला सहमत, विंडोज ठेवलंय तोवर ते सुरक्षित असायलाच हवं. पण फक्त सुट्टीच्या दिवशी उघडलेली प्रणाली कधीच हाताला बसत नाही. मला पटलेली वाट अशी: आधी प्रोग्रॅम बदलायचे, मग प्रणाली. विंडोजवरच लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स, मेलसाठी थंडरबर्ड वापरायला लागायचं. तिन्ही दोन्हीकडे चालतात. म्हणजे अडचण आली तर ती प्रोग्रॅमची की प्रणालीची हे लगेच कळतं. पाऊलवाट, तुम्हीही ज्या दिवशी विंडोजवर असाल त्या दिवशी हेच करा.

उंबरठा:
पानं सरकण्याबद्दल. यात लिब्रेऑफिसपेक्षा फॉन्टचा हात मोठा आहे, आणि मराठी मजकुरात तर फारच. वर्डच्या २००७ च्या आवृत्तीपासून कितीतरी वर्षं कॅलिब्री हा ठरलेला फॉन्ट होता. तो मिंटमध्ये नसतो. त्याच्या जागी दुसरा कुठला तरी येतो, अक्षरांची रुंदी थोडी बदलते, ओळीतला शेवटचा शब्द खाली जातो, आणि असं दहा ओळींत झालं की तक्ता पुढच्या पानावर. यासाठी कार्लिटो नावाचा मुक्त फॉन्ट आहे, तो कॅलिब्रीच्या मापाला माप जुळवूनच केलाय. केंब्रियासाठी तसाच कॅलाडिया. टाइम्स न्यू रोमन आणि एरियलची जागा लिबरेशन फॉन्ट घेतात. कार्लिटो आणि कॅलाडिया सॉफ्टवेअर मॅनेजरमधून बसवा, इंग्रजी मजकुराचा बराचसा त्रास तिथेच संपेल.

देवनागरीला अशी जुळी जोडी मिळत नाही. विंडोजवर मंगल किंवा निर्मला, इथे त्याऐवजी लोहित किंवा नोटो. मात्रा, रफार, जोडाक्षरं यांची उंची-रुंदी प्रत्येकात वेगळी, त्यामुळे पानं हलणारच. म्हणून दोन्हीकडे बसवता येईल असा एकच मुक्त फॉन्ट धरा. नोटो सेरिफ देवनागरी चांगला, मला ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ अधिक आवडतो. तोच विंडोजमध्ये, तोच मिंटमध्ये, आणि गिऱ्हाइकालाही तोच बसवायची विनंती करा. मांडणी महत्त्वाची असेल तर वर्डच्या फाइलबरोबर पीडीएफही पाठवा, म्हणजे मूळ पान कसं होतं याबद्दल वाद राहत नाही.

मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) भरलेल्या एक्सेल फाइली येत असतील तर त्या मात्र विंडोजवरच उघडा. लिब्रेऑफिसमध्ये काही मॅक्रो चालतात, काही चालत नाहीत, आणि मुदतीच्या दिवशी ते शोधत बसण्यात अर्थ नाही.

कोरापाट:
घड्याळाचं राहिलंच. लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ. दोघं एकाच घड्याळावर आपापल्या पद्धतीने लिहितात, म्हणून स्थानिक वेळ आणि यूटीसी यांत जितका फरक तितकी वेळ चुकते. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगणारी एका ओळीची आज्ञा आहे, टाइमडेटसीटीएल (timedatectl) या नावाने शोधा. दोन्ही प्रणाली ठेवणार असाल तोवर ठीक आहे.

पाऊलवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. फास्ट स्टार्टअप बंद केलं आणि डी ड्राइव्हवर सेव्ह होऊ लागलं! गमभन सापडलं तेव्हा तर फार आनंद झाला. कार्लिटो बसवल्यावर तो तक्ता परत एका पानावर आलाय. मराठीसाठी मुक्ता धरते.

आता एकच मोठी काळजी. माझ्याकडे जुन्या, युनिकोडच्या (सगळ्या यंत्रांवर चालणाऱ्या अक्षर-क्रमांकांच्या प्रमाण पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमधल्या पुष्कळ फाइली आहेत. मिंटमध्ये त्या उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. त्या गेल्या का?

उंबरठा:
गेल्या नाहीत, काळजी करू नका. त्या फाइलींत मुळात इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचेच क्रमांक साठवलेले असतात, देवनागरीचं रूप फक्त त्या फॉन्टने दिलेलं असतं. तुमच्याकडे परवान्यासकट असलेली तीच फॉन्ट फाइल मिंटमध्ये उघडून बसवा, बहुतेक मजकूर पुन्हा दिसू लागेल. पण तिथेच थांबू नका. असा मजकूर शोधता येत नाही, दुसऱ्या यंत्रावर वाचता येत नाही. ज्या फाइली पुढे लागणार आहेत त्या एकेक करून युनिकोडमध्ये बदला. ज्या फॉन्टचा मजकूर त्याच फॉन्टसाठी केलेला परिवर्तक वापरा, आणि बदलल्यावर रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा. चुका बहुतेक तिथेच होतात, कारण त्यांची टंकण्याची जागा आणि युनिकोडमधला क्रम वेगळा असतो.

मूळ फाइली पुसू नका. आणि मिंटमधलं टाइमशिफ्ट चालू केलं असेल तर तेवढ्यावर विसंबू नका. ते प्रणालीच्या फाइली राखतं, तुमचं होम फोल्डर सहसा त्यात घेतलेलं नसतं. भाषांतरांची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा.

पाऊलवाट:
टाइमशिफ्टचं माहीतच नव्हतं, बरं झालं सांगितलंत. आज रात्रीच बाहेरच्या डिस्कवर प्रत काढते आणि मग जुन्या फाइली हातात घेते. परिवर्तन करताना अडले तर याच धाग्यावर फॉन्टच्या नावासकट विचारेन.