मदत हवी आहे: रोज दिसणाऱ्या गोष्टींबद्दल काही फुटकळ प्रश्न (नाशिककरांनी आधी वाचा)

पेठरोडकर

मंडळी, शीर्षक वाचून हसू नका. यातला एकही प्रश्न पोटापाण्याचा नाही, पण वर्षानुवर्षं डोक्यात अडकून बसलेत आणि त्यावरून घरात जेवताना वाद होतात. नेटवर शोधलं की एका प्रश्नाला चार उत्तरं मिळतात, चारही छातीठोक. व्हॉट्सॲपचं तर नावच काढू नका. आपल्याकडे द्राक्षवाले आहेत, नोटांच्या प्रेसवाले आहेत, रेल्वेवाले आहेत, पाटबंधाऱ्यात जन्म गेलेले आहेत. म्हटलं, ज्याच्या हाताखालून ती गोष्ट जाते त्यालाच विचारावं.

१. द्राक्षांवरची पांढरी भुकटी. आई म्हणते, औषध आहे. आधी मिठाचं पाणी, मग सोडा, मग पुन्हा साधं पाणी, तोवर द्राक्षं मऊ पडतात. हातगाडीवाला म्हणतो, "मावशी, ताज्या मालाची खूण आहे ती." आता विकणारा दुसरं काय म्हणणार?

२. दर पावसाळ्यात बातमी येते: गंगापूर धरणातून इतके क्युसेक सोडले, होळकर पुलाखाली तितके, नांदूरमधमेश्वर बंधाऱ्यातून त्याच्या कितीतरी पट. नदी एक, दिवस एक, मग पाणी वाटेत वाढतं कसं? आणि क्युसेक म्हणजे नक्की किती? मला फक्त नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचं कळतं. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं.

३. मुलाला सुट्ट्यात मिळालेल्या दहाच्या नोटेवर नंबराच्या मध्ये चांदणी होती. एका दुकानदाराने नकली म्हणून परत केली. चालते की नाही?

४. मुंबईहून येताना कसाऱ्याला गाडी थांबते आणि मग मागून हलका धक्का बसतो. ते काय असतं?

५. मिसळ तिखट लागली म्हणून पाणी प्यावं तर जीभ आणखी भडकते. का? जाता जाता कांद्याचंही सांगा.

६. थंडीत पेपरमध्ये निफाडचा पारा नाशिकपेक्षा खाली, हे ठरलेलंच. निफाड काही डोंगरावर नाही. मग?

एकाचं उत्तर आलं तरी चालेल.

बसवंतकर

पहिल्याचं मी देतो, आमची बाग आहे पिंपळगावकडे.

हातगाडीवाला खरं बोलला. ती पांढरी छटा द्राक्षाची स्वतःची आहे. मण्याच्या सालीवर वेल मेणासारखा पातळ थर चढवते. त्यामुळे मण्यातलं पाणी लवकर उडत नाही आणि वरून पडलेला थेंब घरंगळून जातो. तोडणीला आलेल्या बायकांना आम्ही पहिलं हेच सांगतो: घड देठाला धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही. बोट लागलं की तेवढ्या जागी मणी चकाकतो, आणि व्यापारी लगेच "माल हाताळलेला आहे" म्हणून भाव पाडतो.

औषधाचा डाग वेगळा दिसतो. मेणाचा थर सगळ्या मण्यांवर सारखा असतो, अंगठ्याने पुसला की सारखा निघतो. फवाऱ्याचे डाग थेंबाथेंबाचे असतात. मण्याच्या खालच्या टोकाला थेंब वाळून कड उमटलेली दिसेल, देठाजवळच्या खाचेत भुकटी साचलेली दिसेल. भुरी हा बुरशीचा रोग लागलेला मणी आणखी निराळा: राख टाकल्यासारखा, साल खरबरीत, बरेचदा तडकलेला. तो घेऊच नका.

चिकित्सक_पंचवटी

म्हणजे तुम्ही लोक फवारतच नाही, असं म्हणायचंय का? गोड बोलून माल खपवू नका.

बसवंतकर

फवारतो की. पाऊस लांबला आणि डाऊनी, म्हणजे केवडा रोग, आली की रात्री ट्रॅक्टर बाहेर काढावा लागतो. खोटं कशाला बोलू? पण शेवटचा फवारा आणि तोडणी यांत किती दिवस जायला हवेत ते प्रत्येक औषधाचं ठरलेलं असतं. युरोपला जाणाऱ्या मालाचा नमुना लॅबमध्ये पास झाल्याशिवाय माल हलत नाही. तुमच्या हातगाडीवरच्या मालाला अशी तपासणी नाही, म्हणून धुवा, जरूर धुवा. नळाची बारीक धार सोडा, घड देठाला धरून उलटासुलटा करा, आतल्या मण्यांपर्यंत पाणी जाऊ द्या. वरवर बसलेलं निघून जातं. जे औषध सालीच्या आत शिरतं ते मिठानेही निघत नाही आणि सोड्यानेही, मग द्राक्षं मऊ कशाला करायची? मेण राहिलं तर राहू द्या, पोटाला काही होत नाही.

पेठरोडकर

दादा, हे आईला मोठ्याने वाचून दाखवलं. आता तिचाच प्रश्न: यात बी नाही, मग पुढची द्राक्षं येतात कुठून?

बसवंतकर

आईंना नमस्कार. बियांपासून बाग कुणीच लावत नाही. आम्ही आधी डॉगरीजची जंगली खुंटरोपं लावतो, जमिनीतला क्षार आणि पाण्याचा ताण सोसणारी, आणि त्यावर हव्या त्या जातीच्या काडीचं कलम भरतो. थॉमसनसारख्या जातीत बी धरायला सुरुवात होते, पण ते कोवळं असतानाच वाढ थांबते. मणी आडवा कापून उजेडात धरा, मऊ ठिपके दिसतील, तेच ते.

एक गंमत आणखी. मणी फुगवणारं संजीवक बियांतच तयार होतं. बी नाही म्हणजे मणी मुळात बारीक राहणार. म्हणून आम्ही जीएच्या, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या संजीवकाच्या, पाण्यात घड बुडवतो, माणसं मग्गे घेऊन एकेक घड बुडवत ओळीने जातात. लोकांना वाटतं हे इंजेक्शन आहे. इंजेक्शन वगैरे काही नसतं, भाऊ. जे बियाने करायचं ते आम्ही बाहेरून देतो, एवढंच.

पाटकरी

क्युसेकचा प्रश्न माझ्यासाठीच आलाय.

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ हजार लिटरच्या वर. दहा हजार लिटरचे टँकर डोळ्यांसमोर आणा. दर सेकंदाला जवळपास तीन टँकर रिकामे होताहेत, न थांबता.

आता गोंधळ इथे होतो: क्युसेक हा पाण्याचा वेग, तो साठा नव्हे. साठा आपल्याकडे दलघफूत मोजतात, म्हणजे दशलक्ष घनफुटांत. हजार दलघफू झाले की एक टीएमसी. गंगापूर धरणाची क्षमता ५,६३० दलघफू आहे. हजार क्युसेकने चोवीस तास पाणी सोडलं तर जातं ८६.४ दलघफू. बघा, गणित करून. "पाणी सोडलं, आता उन्हाळ्यात आपण काय प्यायचं" म्हणून ओरडणाऱ्यांना हा आकडा दाखवत जा.

पाणी वाटेत वाढतं याचं कारण सरळ आहे. धरणाचा आकडा फक्त दरवाज्यातून सुटलेल्या पाण्याचा. होळकर पुलाखालच्या आकड्यात त्यात मधले ओढे-नाले आणि शहरावर पडलेला पाऊस मिळतो. डांबर आणि सिमेंट वाढलं तसा हा वाटा वाढला. पूर्वी जे पाणी जमिनीत मुरायचं ते आता तासाभरात नदीत येतं. नांदूरमधमेश्वरचं तर सगळंच वेगळं. दारणासांगवीला दारणा येऊन मिळते, ती इगतपुरीचा पाऊस घेऊन येते. बंधाऱ्यापाशी कादवा मिळते, ती दिंडोरीकडचा. म्हणून नाशिकमध्ये कोरडं ऊन आणि नांदूरमधमेश्वरातून मोठा विसर्ग, असं खुशाल होऊ शकतं. तिथून ते पाणी जायकवाडीकडे जातं आणि मग कुणी कुणाचं पाणी पळवलं यावर भांडण सुरू होतं, त्यात मी पडत नाही.

मारुतीचं मोजमाप मात्र सोडू नका. आकडा दुप्पट झाला म्हणून पाणी दुप्पट उंच चढत नाही. गुडघ्यापर्यंत नदी पात्रात असते. वर चढली की घाटावर पसरते, भांडी बाजार, सराफ बाजाराकडे सरकते. जितकी पसरते तितकी उंची हळू वाढते. छातीपासून गळ्यापर्यंत पाणी चढायला किती जास्त विसर्ग लागतो हे दुकानदारांना आमच्यापेक्षा चांगलं कळतं. मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की ते माल वरच्या फळीवर चढवायला लागतात, आकड्याची वाट बघत नाहीत.

गावठी_गूगल

हे सगळं दोन मिनिटांत गूगलवर मिळतं.

पेठरोडकर

मिळतं, पण पाटकरी काकांसारखं मिळत नाही. तुम्हाला येत असेल तर कसाऱ्याचं सांगा, नाहीतर बसा निवांत.

इगतपुरीचा_पाऊस

कसाऱ्याचं मी सांगतो. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट, चढ ३७ ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. रस्त्याला हे काहीच नाही, पण लोखंडावर लोखंड धावतं तिथे फार आहे. पुढच्या इंजिनाला एकट्याला जमत नाही, म्हणून कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लावतात. तो धक्का म्हणजे बँकर येऊन भिडला. इगतपुरीला सोडतात.

पुढेच जास्त इंजिनं का लावत नाहीत, असं लोक विचारतात. सगळी ओढ पुढून आली तर डब्यांमधल्या जोडण्यांवर ताण येतो. मागून ढकललं की ताण वाटला जातो, आणि समजा एखादी जोडणी तुटलीच तर मागचे डबे उताराला पळत नाहीत, बँकर धरून ठेवतो. २०२३ पासून धावणाऱ्या मुंबई-शिर्डी वंदे भारतला बँकर लागत नाही, कारण तिच्या मोटारी डब्यांखाली वाटलेल्या आहेत. पंचवटी एक्स्प्रेसने अपडाऊन करणाऱ्यांना हा धक्का इतका सवयीचा झालाय की झोपेतही कळतं, कसारा सुटलं.

जेलरोडकर

नोटेचं. आमच्या घरात दोन पिढ्या प्रेसमध्ये. आतलं काही सांगणार नाही, रिझर्व्ह बँकेने स्वतः जाहीर केलंय तेवढंच.

चांदणीची नोट शंभर टक्के खरी. छपाईत एखादी नोट खराब निघाली तर पूर्वी त्याच नंबरची नोट पुन्हा छापून बंडलात घालावी लागे. २००६ पासून लहान नोटांत त्याऐवजी वेगळी, चांदणीवाली नोट घालतात. त्या बंडलाचे नंबर ओळीने नसतात, पण नोटा शंभरच भरतात. दुकानदाराला सांगा, नाही घेतली तर बँकेत द्या, बिनबोभाट घेतील.

तुम्ही विचारलं नाही तरी एक सांगतो. खिशात राहून धुतली गेलेली नोट टिकते, कारण तिचा कागद लाकडाच्या लगद्याचा नसतो, कापसाचा असतो. आणि शंभर, दोनशे, पाचशेच्या नोटांच्या कडेला ज्या उठावदार तिरक्या रेघा आहेत त्या डिझाइन म्हणून नाहीत. दृष्टिहीनांना बोटाने ओळखता यावं म्हणून आहेत: शंभरला चार, दोनशेला चार आणि मध्ये दोन गोळे, पाचशेला पाच. डोळे मिटून करून बघा. नव्या नोटेवर लगेच कळतं, मळक्यावर जरा कठीण जातं.

शिकवणीच्या_बाई

मिसळ आणि कांदा माझ्याकडे.

मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात आणि स्निग्धात विरघळतं. पाणी प्यायलात की ते धुतलं जात नाही, तोंडभर पसरतं. दह्या-दुधातलं केसीन हे प्रथिन त्याला धरून खाली नेतं. म्हणून मिसळीच्या ताटात दह्याची वाटी असते, ती आधी संपवू नका. दुसरं असं की, जिभेवरचा जो ग्राहक (रिसेप्टर) चटका ओळखतो, तोच मिरचीही ओळखतो. साधारण ४३ अंशांच्या वर गेलं की तो जागा होतो. रस्सा वाफाळता असेल तर गरम आणि तिखट दोन्ही एकाच घंटीवर बोट ठेवतात, म्हणून तीच मिसळ थोडी निवली की सौम्य लागते. हा ग्राहक डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये शोधला, २०२१ चं नोबेल त्यांना मिळालं.

कांदा: चिरताना पेशी फुटतात, आतले पदार्थ एकत्र येऊन गंधकयुक्त वायू तयार होतो, तो डोळ्यांत जातो. धारदार विळी आणि फ्रिजमधला गार कांदा. बाकी डोक्यावर पाव ठेवणे वगैरे करमणूक.

बसवंतकर

निफाडचं राहिलं, म्हणून परत आलो. पेपरातला तो आकडा बहुतेक वेळा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. तापमापी उघड्या शेतात, आजूबाजूला पिकं, सपाट आणि सखल जागा. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन रात्रभर उष्णता वर सोडते आणि गार हवा जड म्हणून खालीच साचते. नाशिकमध्ये भिंती आणि रस्ते दिवसभर तापलेले, ते पहाटेपर्यंत ऊब सोडत राहतात. निफाड बाजारपेठेत मोजलंत तर फरक कमी निघेल.

तुम्हाला ती बातमी, आम्हाला धास्ती. पारा असा घसरला की तयार मणी तडकतात. पहाटे बागेत शेकोट्या करून धूर करतो, ठिबक चालू करतो. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं.

पवननगर_सिडको

मी पण विचारू का? गॅसच्या टाकीला वर ज्या उभ्या पट्ट्या असतात त्यातल्या एकीवर आतून काहीतरी लिहिलेलं असतं. आमच्या टाकीवर सी-२४ आहे. टाकी आणून देणारा म्हणाला, कंपनीचा नंबर आहे, लक्ष देऊ नका.

जेलरोडकर

लक्ष द्या, ताई. ती टाकीच्या पुढच्या चाचणीची मुदत आहे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. सी-२४ म्हणजे सप्टेंबर २०२४ संपेपर्यंत तिची चाचणी व्हायला हवी होती. अशी टाकी घेऊ नये, घेतली असेल तर वितरकाला कळवून बदलून मागावी. हक्क आहे तुमचा.

पवननगर_सिडको

आत्ता फोन केला. आधी "असं काही नसतं" म्हणाले, मग मी ए-बी-सी-डी सगळं सांगितल्यावर "उद्या माणूस पाठवतो" म्हणाले. दुसऱ्या टाकीवर ए-२९ आहे, तिच्यावर स्वयंपाक करते तोवर.

पेठरोडकर

आमची पण बघितली. पट्टीवर रंग इतका थापलाय की अक्षर बी आहे की डी, तेच कळत नाही. रंग खरवडला तर चालतो का?

जेलरोडकर

खरवडू नका, टाकी परत द्या. मुदत वाचता येत नाही हे कारण पुरेसं आहे.